बँकेत कोण कोण येऊन जातं

सहकारी बँकेत सिस्टिम ऑडिटला गेले की मला आधी सर्व्हर रूम दाखवतात. एसी सुरू असतो, दाराला बोटाचा ठसा लागतो, भिंतीवर आग विझवायचं नळकांडं आणि त्यावर तपासणीच्या तारखेची चिठ्ठी असते. मी ते बघते, नोंद करते आणि मग हिशेब विभागात जाऊन बसते. तिथे वर्षभराची खर्चाची व्हाउचरं मागते. एएमसी, सॉफ्टवेअरचं भाडं, एसएमएसचे पैसे, डेटा रिचार्ज, किरकोळ दुरुस्ती. "मॅडम, ते स्टॅट्युटरी ऑडिटरचं काम, ते येऊन गेले," असं बहुतेक ठिकाणी ऐकावं लागतं. पण बँकेच्या कॉम्प्युटरपर्यंत बाहेरच्या कोणाकोणाचा हात पोचतो, याची पुरी यादी बँकेत दुसरीकडे कुठे मिळत नाही. आयटी अधिकाऱ्याकडे असते ती त्याला आठवते तेवढी. पैसे मात्र कोणी विसरत नाही. ज्याचा हात पोचतो तो कधी ना कधी बिल पाठवतोच.

तोंडी यादीत सीबीएसवाला, म्हणजे बँकेची मुख्य खातेप्रणाली देणारा, असतो, एटीएम स्विचवाला असतो, फायरवॉलवाला असतो. व्हाउचरांतून पुढची मंडळी निघतात: पिग्मी एजंटांच्या मोबाइल ॲपवाला, एसएमएसवाला, चेक स्कॅन करून क्लिअरिंगला पाठवायच्या सॉफ्टवेअरवाला, पासबुक छापायच्या मशिनवाला, सीसीटीव्हीवाला, हजेरीच्या मशिनवाला, टीडीएसचं रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर देणारा, केवायसीचे कागद स्कॅन करून देणारी एजन्सी, आणि वेबसाइट बनवून दिलेला, अध्यक्षांच्या ओळखीतला एखादा मुलगा. यातल्या बऱ्याच जणांना नेटवर्कमध्ये शिरायची सोय कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी घाईच्या दिवशी करून दिलेली असते. ती काढून घ्यायचा दिवस कोणी ठरवलेला नसतो.

संचालकांना हे पटवायला मी टार्गेटची गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या या दुकानांच्या साखळीतून २०१३ साली सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत आले ते एसी-फ्रिजचं काम करणाऱ्या ठेकेदाराचं लॉगिन चोरून. ऐकणाऱ्याला वाटतं, ते एसीच्या यंत्रणेतून शिरले असणार. ठेकेदाराचं म्हणणं होतं की त्यांची जोडणी बिलं, कंत्राटाची कागदपत्रं आणि प्रकल्पांचं व्यवस्थापन एवढ्यापुरतीच होती. म्हणजे ज्याला कोणी धोका म्हणून मोजलंच नसतं असं ते लॉगिन. संचालक मंडळात निम्मे लोक व्यापारी असतात. बिलाची वाट त्यांना लगेच कळते.

एका ऑडिटबद्दल जरा सविस्तर सांगते. बँकेचं नाव नको. कृष्णाकाठची, मुख्य कचेरी तालुक्याच्या गावात, ठेवी ५०० कोटींच्या आत. लेखापाल निवृत्तीला आलेले होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. व्हाउचरं चाळताना त्यांनीच एका कागदावर बोट ठेवलं. "हा बघा, दर महिन्याचा रिचार्ज. नंबर कुणाचा ते मलाही ठाऊक नाही. मशिनचा आहे म्हणून सांगितलंय."

कुठल्या मशिनचा, हे शोधायला दुपार गेली. आयटीतला मुलगा म्हणाला, एटीएमचा असेल. एटीएमवाला फोनवर म्हणाला, आमचं सिम आम्हीच भरतो. शेवटी बाजारपेठ शाखेतल्या पासबुक मशिनच्या मागे, वायरींच्या गुंत्यात, एक डोंगल सापडला. मशिनवाल्या कंपनीच्या माणसाला विचारलं तर त्याने काहीच लपवलं नाही. मशिन अडकलं की शाखाधिकारी फोन करतात, पुण्याहून माणूस पाठवायचा तर दिवस जातो, गिऱ्हाइकं ओरडतात. म्हणून डोंगल लावला. ऑफिसात बसून रिमोट घेतो आणि पाच मिनिटांत मशिन सुरू करून देतो. त्याच्या बाजूने बघितलं तर ही चांगली सेवाच होती.

अडचण अशी की त्या मशिनला एका बाजूने बँकेच्या नेटवर्कची वायर होती आणि दुसऱ्या बाजूने डोंगलचं इंटरनेट. फायरवॉलला वायरीवरून येणारं-जाणारं दिसत होतं. डोंगलमधून आत येणाऱ्याला फायरवॉल लागतच नव्हती, तो थेट मशिनवर उतरायचा आणि तिथून वायरीवर. मशिनमध्ये विंडोज ७ होतं, ज्याचे सुरक्षेचे नेहमीचे पॅच मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच थांबवले. नेटवर्क तपासायचं कुठलंही महागडं सॉफ्टवेअर मुख्य कचेरीत बसून चालवलं असतं तरी त्याला पासबुक मशिन दिसलं असतं, डोंगल दिसला नसता. अण्णांना तो दिसला, कारण त्यांना दर महिन्याला त्याचे पैसे द्यावे लागत होते.

त्याच बँकेत दुसरी गोष्ट सापडली ती फायरवॉलच्या नियमांत. हे नियम वाचणं अत्यंत कंटाळवाणं काम आहे, आणि माझ्या मते तपासणीतलं सगळ्यांत मोलाचं. कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्याकडे कोणत्या वाटेने जाऊ द्यायचं, अशा ओळींवर ओळी. नीट लिहिलेल्या नियमापुढे कारण असतं, मागणाऱ्याचं नाव असतं, तारीख असते. इथे बऱ्याच ओळींपुढे नुसतं ‘टेम्प’ लिहिलेलं होतं. तात्पुरतं. त्यातली एक ओळ पिग्मीच्या सर्व्हरकडे जात होती आणि बाहेरच्या बाजूला ‘एनी’ होतं, म्हणजे जगातून कुठूनही. फायरवॉलची देखभाल करणाऱ्या कंपनीला विचारलं. त्यांचं उत्तर: पिग्मीवाल्यांनी सांगितलं, टेस्टिंगला उघडून द्या. पिग्मीवाल्यांचं उत्तर: फायरवॉल आमच्याकडे नाही. दोघंही खरं बोलत होते.

पिग्मीचं ॲप म्हणजे काय, हे बँकेबाहेरच्यांना सांगायला हवं. एजंट रोज दुकानादुकानांतून पैसे गोळा करतो, मोबाइलवर नोंदवतो, छोट्या प्रिंटरवर पावती देतो. संध्याकाळी त्या नोंदी पिग्मीच्या सर्व्हरवरून सीबीएसमध्ये जातात. भाजीवाल्याचे पन्नास रुपये, पानटपरीचे शंभर. रक्कम छोटी, म्हणून या यंत्रणेकडे कोणी फारसं बघत नाही. पण सीबीएसमध्ये पैसे जमा झाल्याची नोंद टाकायचा अधिकार तिला असतो.

फायरवॉलचा लॉग काढला तर पिग्मीच्या सर्व्हरवर मध्यरात्रीनंतर कोणीतरी नियमित येत होतं. पत्ता कुठल्या कंपनीचा नव्हता, कोणाच्या तरी घरच्या ब्रॉडबँडचा होता. सरव्यवस्थापक खुर्चीत ताठ झाले. सीईओंना फोन गेला. पोलिसांत जायचं का, अशी चर्चा सुरू झाली. मी म्हटलं, आधी कंपनीला विचारू. फोन स्पीकरवर घेतला. तिकडचे मालक अगदी मोकळेपणाने म्हणाले, "अहो, तो आमचाच मुलगा आहे. म्हणजे आता दुसरीकडे जॉबला आहे, पण आपलं रात्रीचं काम तोच बघतो. डे-एंडची फाइल अडकली तर काढून देतो."

नोकरी सोडून गेलेला माणूस, घरचा कॉम्प्युटर, बँकेचा सर्व्हर. त्याने एक रुपयाही हलवला नव्हता. उलट त्याच्यामुळे सकाळी काउंटर वेळेवर उघडत होते. पण त्याच्या जागी उद्या दुसरा कोणी आला असता तर लॉगमध्ये काहीच फरक दिसला नसता. लॉगिन एकच, सगळ्यांनी मिळून वापरायचं. पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे चालू साल. तो मी वाचला आणि गप्प बसले, कारण हाच पासवर्ड मी दुसऱ्या एका बँकेच्या तपासणीत वाचला होता. गल्लीतल्या सगळ्या घरांना एकच किल्ली, आणि ती किल्ली कंपनीतून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात.

एका बँकेची गोष्ट दुसरीला सांगायची मला मुभा नसते. मी दोन्ही बँकांना वेगवेगळी पत्रं लिहिली, एकमेकांचं नाव न घेता, आणि कंपनीकडून लेखी मागितलं की प्रत्येक ग्राहक बँकेसाठी आणि प्रत्येक माणसासाठी वेगळं लॉगिन केव्हा होणार. तारीख मिळवायला पत्रापेक्षा फोनच जास्त लागले.

याआधी कोण कोण येऊन गेलं, या प्रश्नाचं उत्तर बँकेला मिळालंच नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि अनधिकृत शिरकावासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. इथे फायरवॉलची डिस्क छोटी होती. जुने लॉग पुसून त्यावर नवे लिहिले जात होते आणि हाताला लागले ते जेमतेम काही दिवसांचे. मोठी डिस्क घ्यायचा प्रस्ताव खरेदी समितीपुढे आधीपासून पडून होता. रात्री येणाऱ्या त्या माणसाला आत सोडलं होतं ते पिग्मीच्या कंपनीनेच, तेव्हा ही घटना ‘अनधिकृत’ धरायची की नाही, यावर सीईओ आणि मी बराच वेळ घातला. मी कळवा म्हटलं. त्यांनी कळवलं. ती संध्याकाळ मात्र कोणालाच गोड गेली नाही.

काही तपासणी बँकेत न जाताही होते, आणि ती मला मनापासून आवडते. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी जे कुलूप दिसायचं, त्यामागे एक प्रमाणपत्र असतं. अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्था त्यांची नोंद सार्वजनिक वह्यांमध्ये करतात आणि त्या कोणालाही शोधता येतात. तिथे बँकेचा पत्ता टाकला की बँक विसरून गेलेल्या साइट समोर येतात. या बँकेच्या बाबतीत नावात ‘यूएटी’ असलेली एक साइट निघाली. मोबाइल बँकिंग सुरू करताना चाचणीसाठी कंपनीने उभी केलेली, आणि काम झाल्यावर तशीच राहिलेली. चाचणीसाठी घेतलेली नावं-खाती खऱ्या ग्राहकांची होती. हे मला लॉगिन करून कळलं नाही; आयटीतल्या मुलाने जुना ईमेल काढून दाखवला, त्यात डेटा पाठवल्याची नोंद होती. दुसऱ्याच्या सर्व्हरवर परवानगीशिवाय दार ढकलून बघणं आयटी कायद्यात बसत नाही आणि मी ते करत नाही. जे उघड्यावर दिसतं तेवढं बघते आणि बाकी विचारते.

तशीच दुसरी उघडी नोंद बँकेच्या ईमेलची. बँकेच्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार कोणाकोणाच्या सर्व्हरला आहे, हे डोमेनच्या एसपीएफ नावाच्या एका ओळीत लिहिलेलं असतं. काम सोडून गेलेल्या मार्केटिंगवाल्याचं नाव तिथे हमखास सापडतं.

कागदांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. व्हेंडरला प्रश्नावली पाठवा, तो प्रत्येक रकान्यात ‘हो’ लिहितो. माहिती सुरक्षेचं आयएसओ २७००१ चं प्रमाणपत्र मागा, रंगीत प्रत येते. त्यावर बारीक अक्षरांत कामाची व्याप्ती लिहिलेली असते ती वाचावी. एका कंपनीच्या प्रमाणपत्रात व्याप्ती होती तिच्या मनुष्यबळ विभागापुरती. व्हीएपीटीचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या फटी तपासल्याचा, अहवाल येतो, पण तपासलेली आवृत्ती वेगळी आणि बँकेत चालू असलेली वेगळी. म्हणून मी आता प्रश्न बदललेत. तुमच्याकडून शेवटी नोकरी सोडून गेला तो कोण, आणि त्याची लॉगिन बंद केल्याचा ईमेल दाखवा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून घेतलेले कोणते भाग आहेत, त्यांची यादी द्या. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेमधली खोट जाहीर झाली, तेव्हा हा छोटासा भाग आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे की नाही, हे सांगायला मोठमोठ्या कंपन्यांना वेळ लागला होता. यादी तयार असती तर फोन आल्या आल्या उत्तर देता आलं असतं.

व्हेंडर छोटा असेल तर तो निदान ऐकतो. मोठा असेल तर उलटा प्रश्न येतो: आमच्या उलाढालीत तुमची बँक किती? हा प्रश्न उद्धट असला तरी गैरलागू नाही. तालुक्याच्या गावातली बँक मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये तपासणीला माणूस कुठून पाठवणार? नियमांतही हे दिसतं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याबद्दल सविस्तर निर्देश काढले. व्हेंडरची तपासणी करायचा हक्क, त्याच्या उपठेकेदारांपर्यंत पोचायची तरतूद, करार संपल्यावर डेटा परत घ्यायची पद्धत, सगळं त्यात आहे. नागरी सहकारी बँकांपैकी टियर १ आणि टियर २ ना मात्र त्यातून वगळलं आहे. झेपणार नाही म्हणून वगळलं, हे समजतं. या लहान बँकांना २०१८ आणि २०१९ चे सायबर सुरक्षेचे नियम आहेतच, पण सीबीएसपासून चेक क्लिअरिंगपर्यंत सगळंच बाहेरून घेतात त्या याच.

यातल्या धोक्याचा अनुभव ३१ जुलै २०२४ ला आला. त्या दिवशी माझा फोन थांबेना. मॅडम, यूपीआय बंद आहे, एटीएम बंद आहे, आपल्यावर हल्ला झालाय का? संध्याकाळी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं निवेदन आलं. सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअरचा परिणाम झाला असावा, म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं वेगळं केलं आहे. सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडले, अशा बातम्या आल्या. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. या बँकांच्या स्वतःच्या सर्व्हरला काहीही झालेलं नव्हतं. ग्राहकाला याच्याशी देणंघेणं नव्हतं. तो काउंटरवर येऊन बँक बुडाली का, एवढंच विचारत होता.

नंतर क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने आपलं विश्लेषण मांडलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सुरुवात सी-एजशी जोडलेल्या आणखी एका कंपनीच्या जेनकिन्स सर्व्हरवरून झाली. जेनकिन्स हे सॉफ्टवेअर तयार करताना वापरायचं साधन, आणि त्यातली ज्या फटीतून चोर शिरले ती जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झालेली होती. तसं असेल तर तालुक्याच्या गावातल्या एखाद्या बँकेला बसलेल्या धक्क्याचं मूळ तिच्या व्हेंडरच्याही पलीकडे होतं, जिथलं एकही बिल तिच्या अण्णांच्या टेबलावर कधी येणार नव्हतं. माझी व्हाउचरची युक्ती इथे संपते. व्हेंडरच्या व्हेंडरची नावं करारात लिहून घेतली तरच कळतात, आणि करार करायची वेळ तीन-पाच वर्षांतून एकदा येते.

म्हणून सध्या माझा जोर नूतनीकरणावर असतो. पिग्मीवाल्या कंपनीचे ग्राहक असलेल्या बँका एकमेकींना ओळखतातच. सीईओ एकाच प्रशिक्षणाला जातात, एकाच लग्नात जेवतात. त्यातल्या चार बँकांनी मिळून एकच कलमांचा मसुदा पुढे केला. एकट्या बँकेला वर्षभर टोलवणारे मालक चौघांसमोर पुढच्याच बैठकीत प्रत्येकासाठी वेगळं लॉगिन द्यायला तयार झाले. रात्री रिमोट घ्यायचा असेल तर बँकेतल्या कोणीतरी तो उघडून द्यायचा, काम झालं की बंद करायचा. आयटीतल्या मुलाची तक्रार आहे की आता त्यालाच रात्री दोनला उठावं लागतं. तक्रार बरोबर आहे. त्याला रात्रपाळीचा भत्ता द्यावा, असं मी अहवालात लिहिलं. संचालकांनी ते पान बाजूला ठेवलं. डोंगल निघाला, पासबुक मशिन वेगळ्या नेटवर्कवर गेलं, आणि आता ते अडकलं की खरंच दिवस जातो. गिऱ्हाइकं ओरडतात.

आणि मध्यंतरी ती पिग्मीची कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. जुने मालक अधूनमधून फोन उचलतात. सर्व्हर बँकेतून क्लाउडवर न्यायचं ठरलं आहे, पण कुठल्या क्लाउडवर, डेटा देशातल्या कुठल्या सेंटरमध्ये आणि नव्या लोकांपैकी कोणाला त्यात हात घालता येईल, हे बँकेला अजून कोणी कळवलेलं नाही. करार जुन्या नावाने आहे. पत्राचा मसुदा मी करून दिलाय, सीईओ साहेबांची सही व्हायची आहे, आणि आयटीतल्या मुलाला सांगून ठेवलंय की उत्तर येईपर्यंत सर्व्हर हलवायची तारीख द्यायची नाही.